आत राहून गेलेली हवा

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "स्कोअर किती आला?" परभणीहून पुण्याला, पुण्याहून जिंतूरला, तोच एक आकडा फिरत होता. पंचवीसपैकी आठ म्हटलं की जीव भांड्यात पडायचा. अठरा म्हटलं की रेमडेसिव्हिर आणि ऑक्सिजनच्या खाटेसाठी धावपळ सुरू व्हायची. ज्यांचा रेडिओलॉजिस्टशी कधी संबंध आला नव्हता, अशी माणसंही 'एचआरसीटी', म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन, हा शब्द सराईतपणे बोलू लागली होती.

तो स्कोअर यायचा कसा? आपल्या उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर स्कॅनच्या चकत्या वरखाली सरकवत एकेक खंड न्याहाळायचे, त्यातला किती भाग आजाराने व्यापलाय याचा नजरेने अंदाज बांधायचे आणि शून्य ते पाच यांतला एक गुण द्यायचे. पाच खंड, प्रत्येकी जास्तीत जास्त पाच, झाले पंचवीस. लाखो घरांची झोप उडवणारा तो आकडा म्हणजे एका तयार डोळ्याने बांधलेला अंदाज होता. चांगला अंदाज होता, वेळेला उपयोगी पडला. पण त्याच स्कॅनच्या पोटात आणखी किती काही दडलेलं होतं, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

छातीच्या एका बारीक स्कॅनमध्ये साधारण पाचशे चकत्या निघतात. प्रत्येक चकती आडवे ५१२ आणि उभे ५१२ अशा ठिपक्यांची. करा गुणाकार. तेरा कोटींच्या वर जातो! २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. त्याहून जास्त ठिपके एका माणसाच्या छातीच्या एका स्कॅनमध्ये. या ठिपक्यांना व्हॉक्सेल म्हणतात, कारण ते सपाट नसतात, त्यांना जाडीही असते. आणि प्रत्येक व्हॉक्सेलवर एक आकडा लिहिलेला असतो.

हा आकडा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड काही डॉक्टर नव्हता. तो इंजिनिअर होता, ईएमआय कंपनीत नोकरीला. ज्या कंपनीच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' तबकड्यांवर आपल्या आजी-आजोबांनी गाणी ऐकली, तीच ही ईएमआय. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात त्याच्या यंत्राने पहिल्यांदा एका जिवंत माणसाच्या मेंदूची आडवी चकती, कुठेही न कापता, कागदावर उतरवली. १९७९मध्ये त्याला ॲलन कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं. त्याच्या नावाची मोजपट्टी अगदी सुटसुटीत आहे : पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००. मध्ये काय असेल ते त्या मानाने.

आता पाहा गंमत. छाती भरून श्वास घेतलेल्या निरोगी फुफ्फुसातला व्हॉक्सेल साधारण उणे ८५० दाखवतो. याचा अर्थ सरळ आहे. त्या इवल्याशा जागेत ८५ टक्के हवा आहे आणि उरलेल्या १५ टक्क्यांत रक्त, केशवाहिन्या, पेशी, पडदे, सगळा संसार. फुफ्फुस म्हणजे जवळजवळ हवाच! आणि एखादा व्हॉक्सेल उणे ९५०च्याही खाली गेला तर? तिथे हवा ९५ टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे हवेच्या पिशव्यांमधल्या भिंती मोडून पडल्यात आणि नुसती पोकळी उरलीय. याला एम्फिसीमा म्हणतात. मोडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. पण उणे ९४० आणि उणे ९५५ यांतला फरक डोळ्याला दिसत नाही, दोन्ही काळेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे आकडे आहेत, आणि तेरा कोटी आकडे वाचायचा त्याला कंटाळा येत नाही.

इथवरचं काम साध्या मोजणीचं. खरं नवल यापुढे आहे, कारण ज्या आजाराबद्दल मला सांगायचंय तो मुळात स्कॅनवर न दिसणाऱ्या जागी सुरू होतो.

आजाराचं नाव सीओपीडी. श्वासनलिकांचा जुनाट, हळूहळू वाढत जाणारा अडथळा. गावाकडे याला दमाच म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. "आता वय झालं, दम लागायचाच." लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१६मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, १९९०मध्ये ते २ कोटी ८० लाखांच्या घरात होते. या अभ्यासात पुढाकार होता पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांचा. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आधी फुफ्फुसाच्या आत जाऊ. घशातून खाली उतरणारी मुख्य श्वासनलिका एक. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. स्विस शास्त्रज्ञ एवाल्ड वायबेल याने १९६३मध्ये हा सगळा पसारा मोजून दाखवला : मुख्य नलिकेपासून शेवटच्या हवेच्या पिशवीपर्यंत फाटे फुटण्याच्या तेवीस पिढ्या होतात. दोनाचा तेविसावा घात किती येतो? ८३ लाख ८८ हजार ६०८. चौऱ्याऐंशी लक्षांना जेमतेम अकरा-बारा हजार कमी! योनींचा फेरा आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्येक श्वास छातीतल्या छातीत जवळपास तेवढ्याच वाटांनी फिरून येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं फुफ्फुस अर्थातच इतकं काटेकोर दुभागत नाही, काही फांद्या आखूड पडतात तर काही लांबतात. शेवटी हवेच्या ज्या पिशव्या लागतात त्या सरासरी ४८ कोटी.

आता एक विचित्र गोष्ट. फांद्या बारीक होत जातात, तर हवेला अडचण तिथेच जास्त व्हायला हवी ना? उलट होतं. एक नळी बारीक असली तरी त्या लाखोंनी आहेत, सगळ्यांची तोंडं मिळून रस्ता प्रचंड रुंद होतो. त्यामुळे निरोगी माणसात दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांचा हवेला होणारा विरोध एकूण विरोधाच्या मानाने अगदी थोडा असतो. आणि नेमकं हेच घातक ठरतं. कारण या नळ्या हजारोंनी बुजल्या तरी जोरात फुंकर मारून घेतलेल्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, फारसा फरक पडत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जेरे मीड याने १९७०मध्ये फुफ्फुसाच्या या भागाला 'शांत पट्टा' म्हटलं. तिथे पडझड होत राहते आणि बाहेर हाक येत नाही.

किती पडझड? कॅनडातल्या जेम्स हॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या फुफ्फुसांचे तुकडे गोठवून त्यांचे सूक्ष्म स्कॅन काढले, ज्यात केसाएवढ्या नळ्याही मोजता येतात. २०१८मध्ये त्यांच्या गटाने जे मांडलं ते वाचून मी पान खाली ठेवलं होतं. ज्यांचा सीओपीडी अगदी 'सौम्य' म्हणून नोंदलेला आहे, अशा माणसांच्याही शेवटच्या श्वासनळ्यांपैकी सुमारे ४० टक्के नाहीशा झालेल्या होत्या. अरुंद झालेल्या नव्हेत, नाहीशाच! तपासणीच्या कागदावर 'सौम्य', आणि आतल्या दहांतल्या चार वाटा गेलेल्या.

जिवंत माणसाचं फुफ्फुस काही कापून गोठवता येत नाही. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनला दोन मिलिमीटरखालच्या नळ्या नीट दिसत नाहीत. मग न दिसणाऱ्या नळ्या बुजल्यात हे ओळखायचं कसं?

उत्तर इतकं सुंदर आहे की ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मला टाळी वाजवावीशी वाटली. नळी पाहू नका. तिच्या पलीकडची हवा पाहा.

श्वास घेताना छाती फुगते, नळ्याही ताणून उघडतात, हवा आत शिरते. सोडताना नळ्या आकसतात. ज्या आधीच सुजलेल्या किंवा कफाने भरलेल्या असतात त्या मिटूनच जातात. पलीकडची हवा आत अडकते. म्हणून स्कॅन एक नव्हे, दोन काढायचे : एक छाती भरून श्वास घेतल्यावर आणि दुसरा पूर्ण सोडल्यावर. निरोगी भागातून हवा निघून जाते, तिथले आकडे शून्याकडे सरकतात. जिथली हवा निघालीच नाही तिथले आकडे श्वास सोडल्यावरही उणे ८५६च्या खाली राहतात. बाहेर जायला हवी होती ती हवा आत राहून गेली, आणि तिनेच बुजलेल्या वाटेचा पत्ता सांगितला.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. श्वास सोडल्यावर फुफ्फुस जवळपास निम्मं होतं, खालचा पडदा काही सेंटिमीटर वर चढतो, प्रत्येक कण जागा बदलतो. पहिल्या स्कॅनमधला अमुक व्हॉक्सेल दुसऱ्या स्कॅनमध्ये गेला कुठे? तो शोधायचा, आणि असं कोट्यवधी वेळा. संगणक पहिलं चित्र ताणत, वाकवत, दाबत दुसऱ्यावर बसवतो, एकही रक्तवाहिनी फाटू न देता, एकही फांदी दुसरीत न मिसळता. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात क्रेग गॅलबान आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये या जुळणीवरून फुफ्फुसाचा रंगीत नकाशा काढून दाखवला. हवा आली आणि गेली, तो भाग हिरवा. भिंती मोडल्यात, तो लाल. भिंती शाबूत आहेत पण हवा अडकतेय, तो पिवळा. हा पिवळा म्हणजेच बारीक नळ्यांचा आजार, जो तोवर जिवंत माणसात असा बोट ठेवून दाखवता येत नव्हता.

त्यानंतर त्याच माणसांचे काही वर्षांनी पुन्हा स्कॅन काढून, व्हॉक्सेलला व्हॉक्सेल लावून पाहिलं गेलं. पुढे जाऊन जो भाग लाल झाला तो बहुतेक आधी पिवळा होता. म्हणजे पिवळा ही आधीची पायरी. तिथे पकडलं तर पडझड व्हायच्या आत पकडलं.

हा पिवळा रंग मनात ठेवून आता परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात चला. पाथरी, सोनपेठ, पालम, कुठेही. कापसाची शेवटची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घराच्या कडेला रचल्या जातात. तुरीचं खळं झालं की तुराट्यांची भर पडते. वर्षाचं सरपण झालं. ते फुकट असतं आणि दारात असतं. सिलिंडर घरात आला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच, असं अजून कितीतरी घरांत चालतं. पऱ्हाटी पेटते भरकन पण टिकत नाही, सारखी आत सारावी लागते, पावसाळ्यात दमट असली की धुमसत राहते. मग फुंकणी. चुलीसमोर उकिडवं बसून, तोंड जाळापासून हातभर अंतरावर, छाती भरून हवा मारायची. आणि पुढचा श्वास घ्यायचा तो त्याच धुरातून. धूर जायला वर एखादा झरोका. सातव्या-आठव्या वर्षापासून मुलगी तिथे आईशेजारी बसायला लागते. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला पाच मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. धुमसत्या चुलीपाशी हा आकडा शेकड्यांत जातो, कधी हजारांत.

आणि तरी कित्येक दशकं सीओपीडी म्हणजे सिगारेटचा आजार असंच वैद्यकाच्या पुस्तकांत शिकवलं गेलं. २००९मध्ये डॉ. साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी लॅन्सेटमध्ये लेख लिहून हा समज हलवला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, चुलीचा धूर घेणारे सुमारे तीनशे कोटी. आणि सीओपीडीच्या रुग्णांपैकी पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी कधी सिगारेट ओढलेलीच नाही, असा त्यांचा हिशेब होता. ज्या बाईने विडीला कधी हात लावला नाही तिला हा आजार होऊ शकतो, हे डॉक्टरच्या मनातच नसेल तर तो शोधणार कोण?

आता पिवळा रंग आठवा. मेक्सिकोत सीओपीडी झालेल्या बायकांचे स्कॅन तपासले गेले, काही सिगारेट ओढणाऱ्या आणि काही आयुष्यभर लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक केलेल्या. २०१४मध्ये निष्कर्ष आले. सिगारेटवाल्या फुफ्फुसांत मोडलेल्या भिंती जास्त होत्या, चुलीवाल्यांत अडकलेली हवा जास्त. आजाराचं नाव एकच, पण धूर कसला होता त्याची खूण फुफ्फुसात वेगळी उमटते! सिगारेट लालाकडे नेते, चूल पिवळ्याकडे. म्हणजे डोळ्याला सहज दिसणारी पोकळी चुलीच्या फुफ्फुसात कमी, आणि फक्त गणितालाच दिसणारी अडकलेली हवा जास्त. यंत्राच्या नजरेची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे, हे एवढ्यावरून उघड होतं.

इथवर मी मुद्दामच कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव घेतलं नाही. कारण उणे ९५० आणि उणे ८५६ या रेषा माणसांनी आखलेल्या आहेत. गेल्या दहा वर्षांत मात्र काही वेगळंच घडायला लागलंय. यंत्र स्वतःच्या रेषा स्वतः आखतंय.

कसं? मानवतच्या कापूस बाजारात मुरलेला ग्रेडर पाहिलाय? गाडीतला मूठभर कापूस घेतो, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून ओढतो, आणि ओल किती, कवडी किती, धागा किती लांब, हे क्षणात सांगतो. त्याला हे नियम लिहून काढायला सांगा, जमणार नाही. तो उस्तादाच्या शेजारी बसून शिकला : कापूस हातात घ्यायचा, आपला भाव मनात बांधायचा, मग उस्तादाचा भाव ऐकायचा, आणि चुकलो तेवढा हात सुधारायचा. न्यूरल नेटवर्क तंतोतंत हेच करतं. त्याच्या आत लाखो आकडे असतात, सुरुवातीला कसेही भरलेले. स्कॅन दाखवला की ते उत्तर देतं, सुरुवातीला साफ चुकीचं. खरं उत्तर कळलं की चूक किती झाली ते मोजून प्रत्येक आकडा केसभर इकडे-तिकडे सरकवतं. पुन्हा पुढचा स्कॅन. हजारो स्कॅन, पुन्हापुन्हा. शेवटी त्या आकड्यांत एक नजर तयार होते. ती नजर कुणी लिहिलेली नसते.

पहिली कामगिरी आखणीची. फुफ्फुसाची कड कुठली, खंड कुठे वेगळे होतात, नळ्यांचं झाड कुठपर्यंत जातं, हे पूर्वी माणूस माऊसने चकतीमागून चकती रेखाटत बसायचा. एका रुग्णामागे तास मोडायचे. २०१५मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात यू-नेट नावाची रचना तयार झाली, जी चित्रातला प्रत्येक ठिपका कशाचा आहे हे सांगायला थोडक्या उदाहरणांवरून शिकते. आज तिची भावंडं हे काम मिनिटांत करतात.

हजारोंच्या स्कॅनमधली नळ्यांची ही झाडं शेजारी ठेवून पाहिली गेली, तेव्हा जे निघालं ते मला सगळ्यात अद्भुत वाटतं. सगळ्यांची झाडं सारखी नसतातच! बेंजामिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये दाखवलं की चारांतल्या एकाच्या फुफ्फुसात मोठ्या नळ्यांची फांदी पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी असते, कुणाला एक जास्त, कुणाला एक कमी. आणि त्यांतल्या काही रचनांत सीओपीडीचा धोका वाढतो. २०२०मध्ये त्यांनी आणखी पुढची गोष्ट मांडली. काहींच्या नळ्या त्यांच्या फुफ्फुसांच्या मानाने अरुंद असतात. अशा माणसांना सिगारेट न ओढताही हा आजार गाठू शकतो, तर रुंद नळ्यांची काही माणसं आयुष्यभर ओढूनही तगतात. "आमचे आजोबा शेवटपर्यंत विडी ओढायचे, त्यांना काही झालं नाही," या ऐकून ऐकून पाठ झालेल्या वाक्याचं निदान अर्धं उत्तर आजोबांच्या नळ्यांच्या व्यासात असू शकतं.

दुसरी कामगिरी धाडसाची. हार्वर्डशी संलग्न संशोधकांच्या एका गटाने २०१८मध्ये नेटवर्कला ना एम्फिसीमा शिकवला, ना नळ्या. सीओपीडीजीन नावाच्या अमेरिकी प्रकल्पातल्या ७,९८३ माणसांचे स्कॅन दाखवले, प्रत्येकाचे पाचशे चकत्यांऐवजी निवडक चारच काप, आणि सोबत फक्त शेवटची उत्तरं. कुणाला आजार आहे, तो कोणत्या पायरीवर आहे, पुढे कुणाचा दम अचानक वाढला, कोण दगावलं. बस. नेटवर्कने त्यातून स्वतःच खुणा शोधल्या आणि आजार आहे की नाही हे बऱ्यापैकी ओळखू लागलं. माणूस फुंकर किती जोरात मारू शकेल, हे एका स्थिर चित्रावरून!

पण याच अभ्यासातला एक आकडा जपून वाचण्यासारखा आहे. आजाराची नेमकी पायरी त्याने सीओपीडीजीनमधल्याच नव्या माणसांत सुमारे ५१ टक्के वेळा बरोबर सांगितली. एक्लिप्स नावाच्या दुसऱ्या प्रकल्पातल्या माणसांवर तेच नेटवर्क लावलं, तर हा आकडा २९ टक्क्यांवर आला. का? इकडेही धूम्रपान करणारे, तिकडेही. बदलली ती रुग्णालयं, यंत्रं, स्कॅन काढायच्या पद्धती. एवढ्यानेही नजर ढळली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनिया ओळखणारं एक नेटवर्क तपासताना कळलं की ते एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हेच आधी ओळखतंय, आणि तिथे न्यूमोनियाचे रुग्ण जास्त असतात या आधारावर उत्तर देतंय. नेटवर्क लबाड नसतं. त्याला जे दाखवलं त्यातून जी खूण सगळ्यात सोपी, ती ते उचलतं.

म्हणून मला सतत वाटत राहतं की सोनपेठच्या बाईचं काय? सीओपीडीजीनमध्ये भरती झालेली दहा हजारांहून जास्त माणसं अमेरिकेतली, आणि आजाराच्या अभ्यासासाठी घेतलेल्यांची अट होती की रोज एक पाकीट या हिशेबाने निदान दहा वर्षं सिगारेट ओढलेली असावी. या क्षेत्रातली कितीतरी नेटवर्कं याच स्कॅनवर वाढली. त्यांनी सिगारेटचा धूर खाल्लेली फुफ्फुसं हजारोंनी पाहिली. पऱ्हाटीचा धूर खाल्लेली जवळजवळ पाहिलीच नाहीत. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी छात्यांत जुन्या क्षयाचे व्रण असतात, आणि क्षय बरा झाल्यावरही नळ्यांत अडथळा उरू शकतो. चुलीचा पिवळा कुठला आणि क्षयाचा व्रण कुठला, हे ज्याने दोन्ही पाहिलेत त्यालाच कळणार, मग तो डॉक्टर असो की यंत्र.

सीटी स्कॅन काढायला जिल्ह्याच्या गावी यावं लागतं, पैसे लागतात, किरणोत्सर्गाचा डोस लागतो, आणि इथे तर स्कॅन दोन हवेत. त्यालाही लोक भिडलेत. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी नेटवर्कं घडवली की फक्त श्वास घेतलेला स्कॅन दिला तर श्वास सोडल्यावरचा कसा दिसेल तो ती स्वतः रचून देतात. माणसाने न सोडलेला श्वास यंत्र सोडून दाखवतं!

आणि साधा एक्स-रे? तो तर तालुक्याच्या गावीही निघतो. परभणीकर अभिमानाने म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. तर १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले ते जर्मनीतल्याच व्युर्झबुर्गमध्ये, विल्हेल्म रॉंटगेनच्या प्रयोगशाळेत. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ डॉक्टर त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मकडे बघत आले. त्यात फुफ्फुसाची ताकद मोजता येईल असं फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जपानमध्ये ओसाकाच्या दाइजू उएदा आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये ते करून दाखवलं. सुमारे ८२ हजार माणसांचे एक लाख चाळीस हजारांवर एक्स-रे, प्रत्येकासोबत त्याच माणसाच्या स्पायरोमेट्रीचे आकडे. नेटवर्क शिकलं, आणि आता नुसता एक्स-रे पाहून हा माणूस पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फेकेल याचा अंदाज खऱ्या मोजणीच्या खूप जवळ जाणारा देतं. स्पायरोमेट्रीला समजून घेणारा, जोर लावणारा रुग्ण लागतो. ज्याला फुंकताच येत नाही, ज्याला खोकल्याची उबळ येते, त्याचं काय, या प्रश्नाला यातून काही उत्तर मिळतंय.

एक्स-रे वाचणारी यंत्रं आपल्याला परकी नाहीत. २०१६मध्ये मुंबईत सुरू झालेल्या क्युअर डॉट एआयचं सॉफ्टवेअर देशोदेशी क्षयाच्या शोधात वापरलं जातं. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरच्यांच्या क्षयतपासणीत अशा संगणकी वाचनाला मान्यता दिली. क्षयासाठी खेड्यात पोचलेली एक्स-रे गाडी तीच. छातीही तीच. मग त्याच फिल्मला दुसरा प्रश्न का विचारू नये, की या बाईची हवा आत राहून जाते का? त्यासाठी आधी कुणीतरी मराठवाड्यातल्या चुलीपाशी बसलेल्या काही हजार बायकांचे एक्स-रे, स्कॅन आणि स्पायरोमेट्री एकत्र करून ठेवायला हवी. विद्वत्ता उपलब्ध आहे, गणित उपलब्ध आहे. उणीव आहे ती अशा एकत्र नोंदींची.

आणि हे नुसतं निदानापुरतं नाही. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या खेड्यांत २००२ ते २०११ अशी नऊ वर्षं संशोधक ९९६ माणसांच्या फुंकरीची ताकद मोजत राहिले. ज्यांच्या घरी सरपणाऐवजी बायोगॅस आला आणि धूर बाहेर जायची नीट सोय झाली, त्यांची ताकद इतरांपेक्षा हळू घटली, सीओपीडीही कमी झाला. हे बाहेरून मोजलेलं. आता आतून मोजायची साधनं हाताशी आहेत. एखाद्या बाईचा चूल विझायच्या आधीचा स्कॅन आणि घरात सगळा स्वयंपाक गॅसवर आल्यानंतर पाच वर्षांनी काढलेला स्कॅन एकमेकांवर बसवायचे, आणि तिच्या फुफ्फुसातले किती पिवळे ठिपके लाल व्हायचे थांबले, आणि किती पुन्हा हिरवे झाले, ते मोजायचं.